दोन दंतकथा आणि एक छोटं विमान

मराठी मुसलमानाच्या फोनवर अभिमान दोन्ही बाजूंनी घरपोच येतो. शाळेतल्या मित्रांच्या ग्रुपवर दर दोन-चार महिन्यांनी शिवकर बापूजी तळपदे येतात. १८९५ साली, राइट बंधूंच्या आठ वर्षं आधी, मुंबईच्या चौपाटीवर ‘मरुत्सखा’ नावाचं विमान उडालं, पंधराशे फूट वर गेलं आणि इंग्रजांनी हा इतिहास दाबून टाकला. नातेवाइकांच्या ग्रुपवर अब्बास इब्न फिरनास येतात. राइट बंधूंच्या हजार वर्षं आधी कुर्तुबा शहरात एका मुसलमान शास्त्रज्ञानं पंख लावून झेप घेतली, दहा मिनिटं हवेत तरंगला आणि युरोपनं हा इतिहास दाबून टाकला. नावं तेवढी वेगळी, मजकूर एकच. शेवटची ओळही एकच: हे शाळेत शिकवत नाहीत, पुढे पाठवा.

या दोन्ही मजकुरांकडं मी जरा जास्त बारकाईनं बघतो, कारण मला विमानांचं वेड आहे. तेही मोठ्या विमानांचं नाही. दोन जागांचं, पुढं एक पंखा असलेलं, फार तर दीड-दोनशे अश्वशक्तीचं विमान दिसलं की माझे पाय थांबतात. मोठ्या विमानात आपण नुसते बसतो. बसमध्ये बसावं तसे. छोटं विमान माणूस अंगावर घातल्यासारखं चालवतो. हात थोडा हलला की पंख हलतो, पाय दाबला की नाक वळतं. उडणं म्हणजे काय हे समजून घ्यायचं असेल तर अशाच विमानाजवळ उभं राहावं लागतं.

गेल्या हिवाळ्यात बंगळूरला भाच्याकडं गेलो होतो. तो तिथं सॉफ्टवेअर कंपनीत आहे. रविवारी त्यानं विचारलं, “मामू, लालबाग बघायची का?” मी म्हटलं, लालबाग नंतर, आधी एचएएलचं म्युझियम. हिंदुस्तान एरोनॉटिक्स या सरकारी विमान कंपनीनं २००१ मध्ये जुन्या विमानतळाच्या रस्त्यावर हे संग्रहालय उघडलं. आत छायाचित्रांचं दालन आहे, त्यात कारखान्याची कहाणी दशकांप्रमाणं लावलेली आहे. दुसऱ्या दालनात इंजिनं आहेत. आणि बाहेर, झाडांच्या सावलीत आणि उन्हात, खरी विमानं उभी आहेत.

बाहेर आलं की गर्दी सरळ लढाऊ विमानांकडं जाते. मिग-२१ समोर फोटो काढायला रांग. ‘मारुत’ हे १९६१ मध्ये पहिल्यांदा उडालेलं, भारतातच विकसित होऊन बनलेलं पहिलं जेट लढाऊ विमान. त्याच्यासमोरही बरीच माणसं. एचटी-२ या छोट्या विमानासमोर मात्र मी आणि भाचा दोघंच. शेजारून एक कुटुंब दखनीत बोलत गेलं. वडिलांनी पोराला सांगितलं, “ये ट्रेनिंग का है, छोटा वाला,” आणि ते पुढं गेले. माहिती बरोबर होती. पण देशातल्या विमानाच्या इतिहासातलं एक मोठं पान त्या ‘छोटा वाला’त दडलेलं आहे.

एचटी-२ म्हणजे हिंदुस्तान ट्रेनर. ५ ऑगस्ट १९५१ रोजी ते पहिल्यांदा उडालं. भारतात आराखडा झालेलं, भारतात घडवलेलं आणि पुढं कारखान्यातून मोठ्या संख्येनं बाहेर पडलेलं हे पहिलं विमान. पंखांचा विस्तार ३५ फूट, इंजिन १५५ अश्वशक्तीचं, वेग फार तर ताशी २०० किलोमीटरच्या आसपास. आज महामार्गावर याहून ताकदीच्या गाड्या सर्रास दिसतात. एकामागं एक दोन जागा आणि दोन्हीकडं सारखेच कंट्रोल, म्हणजे शिकणाऱ्याचं चुकलं तर शिकवणाऱ्याला सावरता यावं. पुढं दोन चाकं, मागं शेपटीखाली एक लहानसं चाक. त्यामुळं उभं असताना विमानाचं नाक वर असतं.

या विमानाआधी आपले वैमानिक ब्रिटिश टायगर मॉथवर शिकत. लाकूड, धातूच्या नळ्या आणि वरून कापड. एकावर एक दोन पंख, उघडी बैठक, वैमानिकाच्या तोंडावर वारा. एचटी-२ पूर्ण धातूचं, एकाच पंखजोडीचं आणि काचेच्या छताचं. हवाई दलात ते तीसेक वर्षं होतं. १७० च्या आसपास विमानं बनली. घानानं १९५९ मध्ये आपलं हवाई दल उभं केलं तेव्हा भारतानं मदत केली, आणि त्यांच्या मुलांना शिकवायला हीच विमानं गेली. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या एका देशानं दुसऱ्याला दिलेली ही शिकवणी होती.

प्रशिक्षणाचं विमान बनवणं सोपं, असा एक समज आहे. लढाऊ विमान वैमानिकाकडून कौशल्याची अपेक्षा ठेवू शकतं. प्रशिक्षणाच्या विमानाला तसं करता येत नाही. त्याच्यात बसणाऱ्याला अजून काहीच येत नसतं. धावपट्टीवर ते रोज आपटलं जाणार. हवेत त्याचं नाक गरजेपेक्षा वर उचललं जाणार. पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातला कोन फार वाढला की पंखाच्या पाठीवरून वाहणारी हवा सुटते आणि पंख उचलायचं थांबवतो. याला स्टॉल म्हणतात. एक पंख आधी पडला तर विमान गिरक्या घेत खाली येतं. शिकाऊ मुलगा हे सगळं करणारच, त्याला ते मुद्दाम करायलाही लावतात. विमानानं त्याला आधी इशारा द्यायला हवा आणि नंतर सावरू द्यायला हवं. तसंच ते जास्तच समजूतदार असेल तर मुलगा काही शिकणार नाही. चांगल्या मास्तरासारखं, थोडं कडक आणि पुष्कळ क्षमाशील, असं ते असावं लागतं.

मी भाच्याला विमानाच्या मागच्या बाजूला नेलं आणि शेपूट दाखवली. आडवा पंख नाक वर-खाली होताना तोल सांभाळतो, उभा पंख विमानाला सरळ ठेवतो. शेपूट नसेल तर अशा विमानाचा पंख कितीही चांगला असो, ते कोलांट्या खाईल. इथं मला इब्न फिरनासची गोष्ट सांगावीशी वाटली, कारण त्या गोष्टीतलं सर्वांत खरं वाक्य शेपटीबद्दलच आहे.

अब्बास इब्न फिरनास ही खरी व्यक्ती. नवव्या शतकातल्या स्पेनमध्ये, कुर्तुब्याच्या उमय्या अमीरांच्या दरबारी ते होते. कवी होते, आकाशाचे अभ्यासक होते, काच आणि स्फटिकावरच्या कामासाठी, पाण्याच्या घड्याळासाठी त्यांचं नाव घेतात. ८८७ मध्ये वारले. त्यांच्या उडण्याची जी हकीकत आपल्याला मिळते ती मुख्यतः अल्-मक्करी या इतिहासकाराकडून. तो सतराव्या शतकातला, म्हणजे सातशेहून जास्त वर्षांनंतरचा. पण त्याच्यापुढं जुनी साधनं होती. शिवाय इब्न फिरनासच्या काळातल्याच एका कवीनं त्यांच्या पिसं लावून उडण्याची टिंगल केली होती, तिचाही दाखला मिळतो. टिंगल हा कधीकधी चांगला पुरावा असतो. जे घडलंच नाही त्याची थट्टा शेजारी सहसा करत नाहीत.

अल्-मक्करीची हकीकत छोटी आहे. अंगाला पिसं लावली, पंख बांधले, उंचावरून झेप घेतली, बऱ्यापैकी अंतर गेले, आणि उतरताना पाठीला दुखापत झाली. कारण पक्षी उतरताना शेपटीचा उपयोग करतात हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं आणि त्यांनी शेपूट लावली नव्हती. झालं. दहा मिनिटं नाहीत. कोणी दडपल्याचंही नाही. उलट चंद्रावरच्या एका विवराला त्यांचं नाव आहे, आजच्या कुर्तुब्यात त्यांच्या नावाचा पूल आहे. एक जिज्ञासू माणूस, एक धाडस, एक पडणं आणि त्या पडण्याचं कारण शोधणारं एक वाक्य. मला ही गोष्ट फॉरवर्डमधल्या गोष्टीपेक्षा कितीतरी मोठी वाटते. पण तिच्यानंतर दुसरं पान नाही. कुर्तुब्यात कोणी शेपूट लावून पुन्हा उडी मारल्याची नोंद नाही. वहीत पहिला धडा आहे, पुढची पानं कोरी आहेत.

तळपद्यांची गोष्ट याहून अवघड आहे, कारण ती आपल्याच मुंबईची. तेही खरे गृहस्थ. त्यांना विमानविद्येची तळमळ होती यावर शंका घ्यायचं कारण नाही. पण १८९५ च्या चौपाटीवरच्या त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन पुरावा नाही. मुंबई तेव्हा वर्तमानपत्रांनी गजबजलेली होती. शेकडो लोकांसमोर यंत्र पंधराशे फूट वर गेलं असतं तर कोणत्या पानावर ते आलं, हे दाखवता आलं असतं. या गोष्टीला आधार म्हणून ‘वैमानिक शास्त्र’ नावाचा संस्कृत ग्रंथ पुढं केला जातो. १९७४ मध्ये बंगळूरच्याच भारतीय विज्ञान संस्थेतल्या पाच संशोधकांनी तो तपासला. भाषा प्राचीन नाही, ग्रंथ १९०४ च्या आधीचा असू शकत नाही आणि त्यात वर्णिलेलं एकही यंत्र उडू शकणार नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्यांनी टवाळी केली नाही. चित्रं घेतली, मापं घेतली, हवेचे नियम लावले आणि उत्तर लिहिलं. तरी २०१५ मध्ये मुंबईतल्या सायन्स काँग्रेसमध्ये प्राचीन विमानांवर निबंध वाचला गेलाच. दंतकथेला शेपूट लागत नाही, ती तशीच उडते.

भाचा ऐकत होता. म्हणाला, “मामू, म्हणजे त्यांचंही काही नाही आणि आपलंही काही नाही. मग या विमानात आपलं काय?”

प्रश्न त्यानं सहज विचारला. पण आपल्या मुलांच्या मनात तो सहज नसतो. ज्यांना उठता-बसता ‘तुम्ही या देशाला काय दिलं’ असं ऐकावं लागतं त्यांना इब्न फिरनासचा आधार लागतो. कुर्तुबा दूर आहे, तिथं कोणी हिशोब मागायला येत नाही. मी त्याला म्हटलं, चल, कुर्तुब्याला जायची गरज नाही. ज्या कारखान्याच्या या संग्रहालयात आपण उभे आहोत, तो इथं कसा आला ते सांगतो.

ही गोष्ट एका सोलापूरकरापासून सुरू होते. वालचंद हिराचंद, १८८२ चा जन्म, सोलापूरच्या जैन व्यापारी घराण्यातले. जहाजं, मोटारी, साखर, ज्या ज्या गोष्टी हिंदी माणसाला जमणार नाहीत असं इंग्रज सरकार म्हणे त्या त्यांनी करायला घेतल्या. १९३९ मध्ये विमानप्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकन माणसाशी गाठ पडली. पॉली आशियात विमानं विकायचा आणि जोडून द्यायचा. महायुद्ध सुरू झालेलं होतं. भारतात विमानाचा कारखाना काढायचा, हे वालचंदांनी ठरवलं. पण कुठं? ब्रिटिश सरकार सुरुवातीला उत्साही नव्हतं. म्हणून संस्थानिकांकडं विचारणा झाली.

पुढं आलं म्हैसूर. तिथले दिवाण होते सर मिर्झा इस्माईल. शाळेच्या सहलीतून म्हैसूरला जाऊन रात्री वृंदावन बागेतली रंगीत कारंजी बघितली नाहीत असा माणूस आपल्याकडं विरळा. ती बाग मिर्झांच्या कारकिर्दीतली. जयपूरच्या प्रसिद्ध एम. आय. रोडमधले एम. आय. म्हणजे हेच, मिर्झा इस्माईल. आजोबा इराणातून घोड्यांचा व्यापार करत आलेले. मिर्झा बंगळूरलाच जन्मले, महाराजांबरोबर शिकले आणि १९२६ पासून पंधरा वर्षं दिवाण राहिले. वालचंदांना त्यांनी वेळ घालवू दिला नाही. म्हैसूरकडं वीज होती. शिवनसमुद्रची जलविद्युत १९०२ पासून वाहत होती. भद्रावतीला लोखंडाचा कारखाना होता. टाटांच्या देणगीतून उभी राहिलेली विज्ञान संस्था शहरातच होती. हवा कोरडी, समुद्र लांब. संस्थानानं जागा दिली, भांडवलात भागीदारी घेतली आणि २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्तान एअरक्राफ्ट लिमिटेडची नोंदणी झाली. ऑगस्ट १९४१ मध्ये तिथून पहिलं विमान उडालं. तेही छोटंच, हार्लो नावाचं अमेरिकन प्रशिक्षण विमान, इथं जोडलेलं.

यापुढचं वाचताना माझा जीव नेहमी थोडा हळहळतो. १९४१ मध्येच मिर्झांनी दिवाणपद सोडलं. एप्रिल १९४२ मध्ये युद्धाची गरज म्हणून सरकारनं वालचंदांचा वाटा विकत घेऊन त्यांना बाजूला केलं. ज्या दोघांनी रोप लावलं त्या दोघांनाही सावलीत बसायला मिळालं नाही. मिर्झांना आयुष्यभर दोन्ही बाजूंचं ऐकावं लागलं. १९२८ मध्ये बंगळूरला गणपतीच्या मूर्तीवरून दंगा झाला तेव्हा ‘दिवाण मुसलमान’ म्हणून त्यांच्यावर बोट ठेवलं गेलं. १९४६ मध्ये ते हैदराबादचे पंतप्रधान झाले. दिल्लीशी समजुतीनं घ्यावं असं त्यांचं म्हणणं होतं, तेव्हा इत्तेहादुल मुस्लिमीननं त्यांना टिकू दिलं नाही. एकीकडं जास्त मुसलमान, दुसरीकडं कमी. आज आपल्यातल्या किती जणांना हे ओळखीचं वाटेल!

पण कारखाना राहिला. त्यात एक कोल्हापूरकर येऊन बसला होता. विष्णू माधव घाटगे, १९०८ चा जन्म, कोल्हापूर भागातले. जर्मनीतल्या ग्योटिंगनला लुडविग प्रांट्ल यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट केली. हवा कोणत्याही वस्तूवरून वाहते तेव्हा तिला चिकटलेला एक अगदी पातळ थर असतो, आणि पंख कधी उचलेल, कधी सोडून देईल हे त्या थरावर अवलंबून असतं, हे प्रांट्ल यांनी १९०४ मध्ये मांडलं. मघाशी स्टॉलबद्दल लिहिलं त्याचं मूळ तिथं आहे. हे ज्ञान घेऊन घाटगे १९४० मध्ये या नव्या कारखान्यात आले. विज्ञान संस्थेत १९४२ मध्ये वैमानिकी विभाग सुरू झाला, तिथं त्यांनी शिकवलं. ज्या विभागातून पुढं ‘वैमानिक शास्त्रा’ची तपासणी झाली, तो हाच. एचटी-२ चा आराखडा घाटगे आणि त्यांच्या चमूचा. त्यानंतरचं फ्लाइंग क्लबांसाठीचं ‘पुष्पक’, सैन्याच्या टेहळणीचं ‘कृषक’ आणि जेटवरच्या प्रशिक्षणाचं ‘किरण’ हेही त्यांच्याच देखरेखीखाली. १९६५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तळपद्यांचं नाव आपल्याकडं रिक्षावाल्यालाही माहीत असतं. घाटग्यांचं नाव विचारून बघा.

आता ‘आपलं काय’ या प्रश्नाकडं येतो. मिर्झा इस्माईल मुसलमान होते म्हणून हे विमान ‘आपलं’, असं मी भाच्याला सांगितलं नाही. तसं सांगितलं तर मी फॉरवर्डच पाठवला असता, फक्त जवळच्या गावाचा. जैन उद्योजकाची जिद्द, मुसलमान दिवाणाची नजर, हिंदू महाराजांची तिजोरी, अमेरिकन दलालाची ओळख, मराठी शास्त्रज्ञाचं गणित आणि रिव्हेट ठोकणाऱ्या शेकडो कामगारांचे हात यातून हे यंत्र उभं राहिलं. यातला कुठला तुकडा वेगळा काढून ‘आमचा’ म्हणायचा? पत्रा काढला तर पंख राहत नाही. दंतकथेत नेहमी एकच माणूस असतो, एकच दिवस असतो आणि शेवटी एक शत्रू असतो. खऱ्या विमानात माणसं मोजता येत नाहीत, दिवस वर्षानुवर्षं चालतात, आणि शत्रू असलाच तर तो हवेचा नियम. त्याला धर्म विचारता येत नाही.

छोट्या विमानांच्या इतिहासात या सामायिकपणाची एक सुंदर गोष्ट आहे, ती त्याच बाकावर बसून मी भाच्याला सांगितली. इंग्लंड आणि हिंदुस्थान यांच्यातलं अंतर एकट्यानं विमानातून पार करणाऱ्या पहिल्या हिंदी माणसाला आगाखान यांनी ५०० पौंडांचं बक्षीस लावलं होतं. हे आगाखान म्हणजे इस्माइली खोजांचे इमाम, ज्यांच्या नावाचा महाल पुण्यात आहे. १९३० मध्ये तीन जण मैदानात उतरले: मनमोहन सिंग, जे. आर. डी. टाटा आणि अस्पी इंजिनिअर. विमान सगळ्यांचं जवळपास एकच, कापडी पंखांचं छोटं जिप्सी मॉथ. टाटा कराचीहून इंग्लंडकडं निघाले होते, अस्पी उलट दिशेनं येत होते. इजिप्तमधल्या अबुकीरला दोघांची गाठ पडली. अस्पी अडकून पडले होते, त्यांना स्पार्क प्लग हवे होते. टाटांनी आपल्याजवळचे प्लग त्यांना दिले. बक्षीस अस्पींना मिळालं. ते तेव्हा अठराच्या आसपास वयाचे होते. पुढं तेच अस्पी या बंगळूरच्या कारखान्याचे प्रमुख झाले आणि नंतर भारताचे हवाई दल प्रमुख. बक्षीस मुसलमान धर्मगुरूचं, जिंकणारा पारशी, त्याला प्लग देऊन हरणाराही पारशी, आणि पुरस्काराची अट एवढीच की उडणारा हिंदी असावा. आगाखानांनी ती अट ‘खोजा असावा’ अशी घातली असती तर आज कोणाला आठवली असती?

याच कारखान्यात १९५० च्या दशकाच्या अखेरीस रामेश्वरमचा एक मुलगा प्रशिक्षणार्थी म्हणून आला. अवुल पाकीर जैनुलाब्दीन अब्दुल कलाम. वडील नाव बांधणारे, मशिदीत इमामत करणारे. कलामांनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की मद्रासच्या इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत शिकवण्यासाठी दोन निकामी विमानं ठेवलेली होती. बाकीची मुलं वसतिगृहाकडं गेली की ते त्या विमानांपाशी बसून राहत. त्यांना वैमानिक व्हायचं होतं. बंगळूरला त्यांनी इंजिनं उघडून दुरुस्त करायचं काम शिकलं. मग डेहराडूनला हवाई दलाच्या निवडीला गेले. पंचवीस उमेदवार, आठ जागा. कलामांचा नंबर नववा आला.

त्या नवव्या नंबरनंतर ते काय झाले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मला त्यांचं एक छायाचित्र फार आवडतं. ८ जून २००६, पुण्याचं लोहगाव. राष्ट्रपती असलेले कलाम, वय ७४, वैमानिकाचा पोशाख घालून सुखोई-३० मध्ये चढताहेत. वर्तमानपत्रांनी ते सुखोईचं छायाचित्र म्हणून छापलं. मला मात्र त्यात मद्रासमधली ती दोन निकामी विमानं दिसतात. सुखोई बघून कोणी इंजिनिअर होत नाही. सुखोई बघून टाळ्या वाजवल्या जातात. मुलगा इंजिनिअर होतो तो जवळ जाता येईल, हात लावता येईल, नट कुठं बसतो ते कळेल अशा जुन्या यंत्रापाशी.

संग्रहालयाचा उपयोग हाच आहे असं मला वाटतं. ते आपल्याला मोठं वाटायला लावण्यासाठी नसतं. एखादी गोष्ट कशी झाली, किती वेळा बिघडली, कोणाकोणाच्या हातातून गेली, हे बघायला तिथं जायचं असतं. ‘पुष्पक’ १९५८ मध्ये उडालं तेव्हा त्याला रामायणातलं नाव दिलं गेलं. इंजिन ९० अश्वशक्तीचं, शेजारी-शेजारी दोन जागा. दीडशेच्या आसपास विमानं बनली, देशभरच्या फ्लाइंग क्लबांत गेली आणि हजारो तास तरुणांना शिकवत फिरली. कोणी असा दावा केला नाही की हेच रावणाचं विमान. नाव पुराणातून घेतलं, मापं वर्कशॉपमधून. वारशाशी वागायची ही रीत मला पटते. इब्न फिरनासचं नाव आपणही एखाद्या शाळेतल्या प्रयोगशाळेला द्यावं. जरूर द्यावं. पण आत ओळंबा, पट्टी आणि तराजू असायला हवेत, आणि पडल्यावर का पडलो हे लिहून ठेवायची वही हवी.

वाचकांपैकी कोणी बंगळूरला जाणार असेल, मुलं बरोबर असतील, तर मिगजवळ फोटो काढा, त्यात काही वाईट नाही. मग त्यांना एचटी-२ च्या मागच्या बाजूला न्या आणि शेपूट कशासाठी असते ते विचारा. उत्तर लगेच देऊ नका. त्यांना थोडा वेळ बघू द्या.